खडूच्या रेघा

दिवाळीच्या सेलमध्ये मागवलेला मिक्सर आठ दिवस झाले तरी येईना, म्हणून मी तणतणत जुळे सोलापुरातल्या कुरिअरच्या गोदामात गेलो. आत छतापर्यंत खोकी साचली होती आणि त्यांच्यात साठीचा एक माणूस कानावर खडू खोचून उभा होता. पडून राहिलेल्या खोक्यावर तो रोज सकाळी एक रेघ ओढायचा. खोकं उचलायचा तेही असं, की भरलं दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवतोय.

"माझं आधी काढा," मी आवाज चढवला.

त्यानं माझा मिक्सर शोधला. त्यावर सहा रेघा होत्या. तो शांतपणे खाली ठेवून त्यानं अकरा रेघांचं दुसरंच खोकं टेम्पोत चढवलं.

"ह्या बाईंनी एक फोन न्हाय केला बगा," तो म्हणाला. "वरडणाऱ्याचं कुणीबी काढतंय की. गप बसणाऱ्याचं कुणी काढायचं?"

मी रिकाम्या हातानं घरी आलो. दोन दिवसांनी मिक्सर आला, आठ रेघा घेऊन.

यंदाही माझी ऑर्डर अडकली आहे. बायको म्हणते, फोन तरी करा. मी केलेला नाही. तिकडे रोज सकाळी माझी एक रेघ वाढत असेल.