मेहुण्याची पापणी

दुसऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघणारा माझ्या मेहुण्यासारखा माणूस अख्ख्या कासारवाडीत सापडायचा नाही. त्या दुपारी आम्ही दोघं माझ्या ओट्यावर कांदे सोलत बसलो होतो. काळजी मागं लागायच्या आधीचं आमचं शेवटचं साधंसुधं काम तेच. कांदे भाजीला नव्हते. हा बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. कांद्याच्या पाकळीवरचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशी दिसतात, विटा रचल्यासारख्या. पापुद्रा शाळेला, कांदा मला. बायको गेल्यापासून मी बहुतेक कांद्यावरच जगतोय.

माणूस भेटला की याचा रामराम नंतर, आधी कान. पाळी सुटी की चिकटलेली? मग जीभ. ती नळीसारखी वळते का? कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या चाचाला यानं रिक्षाखालून बाहेर ओढून जीभ दाखवायला लावली. चाचा म्हणाला, "मास्टर, जबान बाद में, पहले वो पाना दो." एकदा महाळुंग्याला एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला गेलो होतो. सगळे गप्प. हा नातवाच्या पायाकडं बोट करून म्हणतो, "कोण म्हणतं आजोबा गेले? हे काय, अंगठ्याशेजारचं त्यांचं लांब बोट इथंच उभं आहे." म्हातारीनं वाकून बघितलं आणि हंबरडा फोडला.

तो सांगतो, पेशीत केंद्रक, केंद्रकात धाग्यासारखी गुणसूत्रं, त्यांच्यावर जनुकं. निम्मी आईची, निम्मी बापाची. मी चौथी शिकलेला. मला एवढंच कळलं, की माणूस म्हणजे दोन घरचं उसनं.

आम्हाला मूलबाळ नाही. म्हणून ही गेली ती सगळीच गेली, असं मी धरून चाललो होतो. मग दिवेलागणीला हिचा हा भाऊ दार ढकलून यायला लागला, आणि पाऊल तिचं वाजायला लागलं. शिंक तिची, दुसरी अर्धी गिळलेली. पाणी पिऊन रिकाम्या तांब्यात बघणं तिचं. एकदा हा आत चहा ठेवत होता, खोकला. माझ्या तोंडून निघून गेलं, "साखर कमी टाक गं." आत भांडं वाजायचं थांबलं. मग त्यानं साखर कमी टाकली.

तर त्या दुपारी कांद्यानं डोळे झोंबले म्हणून त्यानं चष्मा काढला, डोळे मिटले. पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळट चट्टा. माझा हात थांबला. हिलाही तिथंच होता. ही आणि मी त्या चट्ट्याला हसायचो. ही हृदयाच्या झटक्यानं गेल्यावर डॉक्टर म्हणाला, ती रक्तातल्या चरबीची खूण होती, घराण्यात चालते, भावंडांना तपासून घ्या. मी हे मेहुण्याला तेव्हाच सांगितलं होतं. आणि आता ते मिटलेले डोळे समोर होते, तिचे शेवटचे बघितले तसेच.

"पावणं, हे कधीपासून?"

"असेल वर्षभर."

"रगत तपासलं का न्हाई?"

"दाजी, ते जनुक एकाच बाजूनं आलं तरी पुरतं. वडिलांकडून आलं असणार. मला यायची शक्यता निम्मी. पोरांना नाणं उडवून दाखवतो की मी."

"आन् तुमचं नाणं?"

"राहू द्या मुठीत."

"मुठीत ठिऊनच ती गेली! औषध हाय त्याच्यावर. जगाच्या जिभा बघत फिरता आन् सोताची पापणी दिसंना? गाढव हायेत तुमी."

तो डोळे पुसत राहिला. म्हणाला, "भीती वाटते हो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्याच्या दारात. एकटा जीव, पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन बसला होता. मी ताटली काढून घेतली. "उपाशीपोटी रगत द्यायचंय. चला."

"दाजी, माझा वर्ग..."

"वर्गाला सांगा, मास्तर मरू नये म्हणून उशीर झाला."

मुकाट्यानं स्कूटरवर मागं बसला. वळणावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. वजन तिचंच, बोटं तशीच रोवलेली. मी आरशात बघितलं नाही. दवाखाना जवळच होता, तरी गाडी सावकाश चालवली.