जोर, ओढ आणि उलटा हात

"बंद हाय म्हन्ते कोन?"

दारव्ह्याच्या आमच्या पिठाच्या चक्कीत पाऊल टाकलं की वायरमन मिस्त्रींचं पहिलं वाक्य हे. मी म्हणायचो, "मिस्त्री, आत्ताच मी माझ्या हातानं मेन स्विच पाडला."

"तुमी पाडला, भाऊ. पन थो पडला का?"

मग ते फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे, तारेला टेस्टचा बल्ब लावून पाहायचे आणि एवढं झाल्यावर उजवा हात उलटा करून बोटांची मागची बाजू तारेला टेकवायचे. झटक्यानं मूठ आवळते, तळहातानं धरलेली तार मग सुटत नाही, उलटा हात मात्र मागे फेकला जातो, असं त्यांचं म्हणणं. ही सवय इतकी मुरली होती की चहाचा कपसुद्धा ते आधी उलट्या हातानं तपासायचे. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. लोक त्याला हसतात आणि काही बिघडलं की त्यालाच बोलावतात.

ते तारांवर संशय घ्यायचे, मी माणसांवर. तेवढाच आमच्यात फरक.

छप्पन्न-सत्तावनच्या सुमारास मी तेलाचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली. गावात तेव्हा विजेला एकच शब्द होता, पावर. बल्ब साठ पावरचा, फ्यूज पाच पावरचा, तारेतही पावर आणि शेजारच्या गुरुजींच्या चष्म्यालाही पावर. मिस्त्रींना हा शब्द अजिबात खपत नसे. त्यांनी आपले तीन शब्द केले होते. व्होल्ट म्हणजे जोर, अँपिअर म्हणजे ओढ आणि वॅट म्हणजे काम. मी मॅट्रिक झालेला, त्यामुळे मला त्या शब्दांचं हसू यायचं.

कापसाचा हंगाम लागला, जिनिंगच्या मोटरी सुरू झाल्या आणि आमची चक्की रोज संध्याकाळी अडायला लागली. भिंतीवरचा बल्ब लालसर व्हायचा, मोटर घुं घुं करायची आणि फ्यूजची तार जळायची. बायाबापड्या ज्वारीचे डबे घेऊन ताटकळत बसायच्या. मिस्त्री येऊन पुन्हा तीच बारीक तार बांधायचे आणि बजावून जायचे, "बल्ब लाल झाला का चक्की बंद करत जा."

"जरा जाड तार बांधा ना."

"नाई जमत. मोटर मरन."

"अहो, पावर कमी येते आहे. कमी पावरनं मोटर कशी जळेल?"

"जोर कमी हाय, भाऊ. जवारी तं तेवढीच दळून राह्यले ना तुमी? मंग ओढ वाढते."

मला ते पटलं नाही. उलट संशय आला. जळक्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या कारखान्याशी यांचं साटंलोटं असावं, चक्की सारखी अडवून मोटर बिघडली म्हणायचं आणि ती तिकडे पाठवायला लावायची, असा डाव असावा. मनात ठेवलं असतं तरी बरं होतं, पण दळण घेऊन आलेल्या चार लोकांपुढे मी ते बोललो. दारव्ह्यात अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत दोन दुकानांनी त्यांना बोलावणं बंद केलं. मिस्त्री माझ्याकडे यायचे थांबले.

मग मीच जाड तार बांधली. दोन संध्याकाळी चक्की छान चालली, मी शेजाऱ्यांना चहासुद्धा पाजला. तिसऱ्या संध्याकाळी बल्ब लाल झाला, तार जळली नाही, आणि मोटरीतून धूर निघाला.

न बोलावता मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी मेनकडे पाहिलंही नाही. सरळ मोटरीपाशी बसले आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात तिला लावला.

"हो," ते हळूच म्हणाले. "आता बंद हाय."

आयुष्यात त्यांना पहिल्यांदा एखादी वस्तू बंद असल्याचं मान्य करताना मी पाहिलं. मला रडू आलं, ते मोटरीसाठी नव्हतं.

ते गेल्यावर दळणाचे नंबर लिहायच्या पाटीवर मी गणित मांडून पाहिलं. जोर गुणिले ओढ बरोबर काम. हजाराचं काम हवं आणि जोर दोनशे असेल तर ओढ पाच. जोर दीडशेवर आला, तर तेवढ्याच कामाला ओढ साडेसहाच्या वर. पुस्तकातून हे सूत्र मी पाठ केलं होतं. मिस्त्रींना ते बोटांच्या मागच्या बाजूनं कळलं होतं. तोवर मी सगळ्याला पावर म्हणत राहिलो होतो.

मोटर भरून आली त्या दिवशी मी दळणाच्या रांगेसमोर उभा राहून सांगितलं, "मिस्त्रींबद्दल मी बोललो ते खोटं होतं. मोटर मी जाळली." लोकांनी ऐकून घेतलं. दुकानांनी त्यांना पुन्हा बोलावलंही. मिस्त्री मोटर जोडायला आले तेव्हा मी त्यांच्यापुढे फ्यूज धरला, तर त्यांनी खिशातून बारीक तार काढून माझ्या हातावर ठेवली.

"तुमीच बांधा, भाऊ."

"काहून, मिस्त्री?"

"मी बांधीन तं उद्या पुन्ना तुमाले शंका येईन. कायले तो ताप?"

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. तो असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर पाच-सहा वर्षं ते माझ्याकडे येत राहिले. तारा तपासल्या, पट्टा नीट केला, चहा घेतला. पण माझ्या चक्कीचा फ्यूज त्यांनी पुन्हा कधी बांधला नाही. तार द्यायचे आणि शेजारी उभे राहून पाहायचे.

ते वारले त्या दिवशी कब्रस्तानातून परत आलो, तर दारात एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन उभी होती.

"काहून भाऊ, आज बंद हाय का?"

मी हो म्हणणार होतो. मेन सकाळीच पाडला होता, फ्यूज माझ्या खिशात होता. तरी मी आत गेलो, हात उलटा केला आणि मोटरीला लावून पाहिला.