कापसाचा बोळा

आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जनुकांत असा बदल केलेला असतो, की पुढे त्यांच्या हृदयाला सूज यावी. रोज संध्याकाळी सावंतकाका प्रत्येक पिंजऱ्यात कापसाचा बोळा ठेवतात. सकाळपर्यंत उंदीर तो विसकटून त्याचं मऊ घरटं करतात. आज एका मादीच्या पिंजऱ्यातला बोळा तसाच होता.

"ताई, हिचं दुखणं सुरू झालं," काका म्हणाले. "आधी घरटं करायचं सोडतात."

काकांना एका बोळ्यावरून कळलं.

गेल्या वर्षी माझी मुलगी मुक्ता हृदयाला सूज येऊनच गेली. शेवटच्या आठवड्यात मी रोज तिच्या पायथ्याशी चादर ठेवत होते. सकाळी घडी तशीच असायची. मला वाटायचं, तिला उकडत असेल.