पंखाखालची खूण

बशीतल्या कोमट पाण्यात स्टिकरचा काळा क्रॉस कागदापासून सुटून तरंगू लागला. ह्यांनी तो चिमट्याने अलगद उचलला आणि जुन्या जर्मन लढाऊ विमानाच्या मॉडेलवर, पंखाच्या खालच्या बाजूला बसवला. मग त्याची पांढरी कड पुस्तकातल्या फोटोशी ताडून पाहिली.

"खालून कोण बघणार आहे?" मी विचारलं.

"खऱ्या विमानाला होता. कुणाचं विमान आहे ते जमिनीवरच्यांना कळायला हवं ना."

म्हणजे ही खूण मुळात त्यांच्यासाठीच होती. ती पाहून कुणी हात हलवला असेल, कुणी अंगणातली पोरं ओढत तळघराकडे धावलं असेल. कड दोघांनाही तेवढीच पांढरी दिसली असेल.

विमान आता जेवणाच्या टेबलाच्या वर दोऱ्याने टांगलंय. वाढताना माझी नजर तिकडे जाते, आणि मुलं घरातच आहेत ना, हे मी उगाच बघून घेते.