मोटर लावली आणि चूक सापडली

१२ मे, रविवार. दिवसभर घरीच होतो.

मित्रांनो, मी फावल्या वेळात एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमसाठी काम करतो. जगभरातले लोक तिचा कोड लिहितात आणि एकमेकांचा तपासतात. फाइली डिस्कवर वेगाने साठवणारा नवा कोड बाकीच्यांनी मंजूर केला होता. फक्त माझा होकार राहिला होता. मलाही त्यात खोट दिसत नव्हती.

चाचणी चालू असताना नळाला पाणी आलं. आमच्या पडेगावात ते आठ-आठ दिवसांनी येतं. आईने धावत जाऊन मोटर लावली, फ्यूज उडाला आणि कंप्युटर बंद पडला. हे नेहमीचंच. बाबा आधी हाक मारायचे, "कंप्युटर बंद कर रे, मोटर लावतोय!" बाबांना जाऊन दोन महिने झाले.

फ्यूज बांधून पाहिलं, तर फाइली रिकाम्या! डिस्कवर काही लिहिलं जाण्याआधीच हा कोड "साठवलं" म्हणून मोकळा होत होता. मुद्दाम पुन्हा फ्यूज काढून पाहिला, तेच झालं. लगेच सगळ्यांना कळवलं.

कोड लिहिणाऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे वीज अशी कधी जाते?"

मी लिहिलं, "पाणी आलं की."

संध्याकाळी तो कोड थांबवला. कितीतरी अनोळखी लोकांच्या फाइली बचावल्या!

चूक कशी सापडली ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळं सापडली व्हय? मला वाटलं, आता चिडतोस तू." खूप दिवसांनी मी मोठ्याने हसलो.

तुमच्या घरी अशी हाक कोण मारतं?

आई शेजारी सांगायला गेली आहे. मी भांडी घासून घेतो.