यांगझोमअक्काचं जाणं-येणं

माझी थोरली बहीण यांगझोम दर पुनवेला मरायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. मोंगारच्या खालच्या अंगाला आमचं गाव, तिथं याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. नवल मलाच वाटायचं. मी तिच्या पाठची, त्यामुळं बाईसाहेबांचे सगळे गुण मला ठाऊक. पायाला जळू लागली तर किंचाळून अख्खं शिवार गोळा करणारी ही बाई, आणि म्हणे एकटी धर्मराजाच्या दारापर्यंत जाऊन येते!

पण जायची, हे खरं. पहिल्यांदा गेली तेव्हा तिची लेक युदोन पाठीवर बांधायच्या वयाची होती. अक्काला ताप भरला आणि ती संपली. लामा आले, पाठ झाले, दिवे लागले. अंगणात लाकडांची बोलणी चालू असताना अक्का आत उठून बसली आणि म्हणाली, "चहात मीठ कमी पडलंय." चहा कुणी केलेलाच नव्हता. आमची आई त्यानंतर कितीतरी दिवस स्वतःच्या मुलीजवळ एकटी बसायला घाबरत होती, आणि मी आईला हसले नाही.

अशा बाईला आमच्याकडे देलोम म्हणतात. तिकडं जाऊन मेलेल्यांचे निरोप आणणं हे तिचं काम. ते मागून मिळत नाही आणि नको म्हणून सुटतही नाही. पुनवेला सकाळी अक्का अंघोळ करायची, देवघरात सतरंजीवर आडवी व्हायची, तोंडावर पांढरं उपरणं घ्यायची. आधी पाय गार पडायचे, मग हात. ती गेली की तिला शिवायचं नाही, नावानं हाक मारायची नाही, मांजर कोंडून ठेवायचं. एकदा मी उंबऱ्यावरून टक लावून बघितलं होतं. नाकावरचं उपरणं दगडावर वाळत घातल्यासारखं नुसतं पडून होतं. पुन्हा बघायची हौस मला झाली नाही.

परत आली की जांभई द्यायची, गरम पाणी मागायची, आणि मग सांगायची. जसंच्या तसं. आमच्या वरच्या आळीचा थिनले आईचा आशीर्वाद मिळेल म्हणून नवा झगा घालून आला होता. अक्का चारचौघांत म्हणाली, "तुझी आई म्हणाली, माझ्यात जीव असतानाच तू माझ्या अंगावरचं पांघरूण काढून नेलंस. अजून थंडी वाजते." थिनले जो उठला तो थेट घरी.

"अक्का, जरा गोड करून सांगायचं," मी म्हटलं.

"मी कोण गं गोड करणारी? निरोप तिचा, तोंड माझं. त्यात मी मीठमसाला घालायचा नाही."

अक्का तिकडं गेली की दारात बसायचे ते दाजी. जांबे त्यांचं नाव. आमच्याकडे घर मुलीला मिळतं आणि नवरा तिच्या घरी येतो, त्यामुळं घरजावई म्हणून कुणी कुणाला हिणवत नाही. पण दाजी इतके अबोल की आमची आई म्हणायची, हा लग्न करून आला की वाट चुकून? बोलायचे फक्त दोघांशी, बैलांशी आणि युदोनशी. मक्यात रानडुकरं शिरतात म्हणून शेताच्या टोकाला राखणीची खोप होती. एरवी दाजी दिवसभर तिथं. दुपारी युदोन त्यांच्यासाठी मक्याच्या कण्या आणि मिरचीचं कालवण घेऊन जायची, दोघं एकत्र जेवायचे. त्यांचं हसू माझ्या अंगणापर्यंत ऐकू यायचं. दाजींना हसता येतं हे तिच्यामुळं कळलं.

युदोन गेली ती गवती चहाच्या कापणीत. त्याचं तेल काढतात, तर पोरी विळे घेऊन कड्याकड्यानं चढतात. सकाळचं दव होतं, तिचा पाय घसरला. खाली रस्त्यावरच्या लोकांनी तिला उचलून आणलं तेव्हा मुठीत अजून गवत होतं.

माणूस मेलं की सात आठवडे त्याला कळत नाही आपण मेलोय. ते घरात येतं, आपल्या जागी बसतं, कुणी बोलत नाही म्हणून रुसतं. म्हणून तेवढे दिवस पहिलं वाढायचं ते त्याला. मोठ्यानं रडायचं नाही, आपलं पाणी तिकडं त्याच्या डोक्यावर गारा होऊन पडतं. आम्ही सगळं केलं. दाजींच्या डोळ्याला पाणी आलं नाही. मला वाटलं, किती सांभाळतोय हा माणूस. शेवटच्या दिवशी लामांनी तिचं नाव घेऊन सांगितलं, "युदोन, हे घर आता तुझं नाही. इथलं अन्न तुझं नाही. पुढं चल." तिचं लाकडी वाडगं आम्ही कुरी नदीत सोडलं. त्यानंतर वाढायचं नसतं. वाढलं तर माणूस जागचं हलत नाही, आणि हळूहळू ते माणूसही राहत नाही.

पुढच्या पुनवेला अक्का गेली ती लेकीला शोधायलाच. परत आली आणि पाणीही न मागता म्हणाली, "नाही भेटली." त्याच्या पुढच्या पुनवेलाही तेच. "धर्मराजाच्या दारातल्या पुलाशी विचारलं. तिथं पुण्य-पापाचे पांढरे-काळे खडे तोलतो ना, त्यानं सांगितलं, या नावाची कुणी आलेली नाही."

"मग कुठं आहे?" मी विचारलं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच पाठीमागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

तोवर मी काही बोलले नव्हते, पण माझ्या नजरेला येत होतं. आमचा कुत्रा म्हातारा, माझ्यासाठीसुद्धा शेपूट हलवायचे कष्ट घेत नाही. तो दुपारी जिन्याच्या पायरीकडं बघून शेपूट हलवायचा. मग उठून कुणाच्या तरी मागं चालावं तसा शेताकडं निघायचा. बंद कोठारात गवती चहाचा वास यायचा, ओल्या, नुकत्याच कापलेल्या गवताचा. कापणी कधीच संपली होती.

"केझांग, तू तिला वाढतेस का?" अक्कानं मला विचारलं.

"तुझी शपथ, नाही! तू?"

"मी आई असले तरी देलोम आहे. मला ठाऊक नाही का त्यानं काय होतं?"

दुसऱ्या दिवशी अक्कानं चुलीतली राख चाळली आणि जिन्याखालच्या वाटेवर पसरली. दाजी सकाळीच खोपीवर गेले होते. आम्ही दोघी हातमागाशी बसून राहिलो, विणकाम कसलं होतंय. जेवणवेळ झाली, कुत्रा उठला, शेपूट हलवली आणि राखेच्या कडेकडेनं निघाला. त्याच्या शेजारी, राखेत, अनवाणी पावलं उमटत गेली. मी ती उमटताना बघितली. पोरीची पावलं, अरुंद टाचेची. अक्का उठली, तिनं माझा हात धरला, आणि आम्ही त्या कुत्र्यामागून चालू लागलो.

खोपीजवळ पोचलो तर हसू ऐकू आलं. दाजींचं. ते आम्हाला पाठमोरे बसले होते आणि समोर बघून सांगत होते, "...आणि ती डुकरीण अशी पळाली, अशी, की पिल्लंच मागं राहिली. जेव ना. थांबलीस का?"

समोर कुणी नव्हतं. दोन वाडगी होती. दुसरं नवंकोरं, त्यांनी हातानं कोरलेलं. कण्या दोन्हींत एकाच भांड्यातून वाढलेल्या. त्यांच्या वाडग्यातून वाफ निघत होती. त्या दुसऱ्यातून निघत नव्हती.

"जांबे," अक्का म्हणाली.

दाजी दचकले नाहीत. "हळू बोल. ती जेवतेय."

"किती दिवस वाढतोयस?"

"मी थांबवलंच कुठं? तुम्ही थांबवलं." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. "तिकडं कोण आहे तिचं? कोण वाढणार? इथं निदान उपाशी तर नाही."

पुनव नव्हती, अंघोळ नव्हती. अक्का तिथंच गवतावर आडवी झाली, डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला आणि म्हणाली, "केझांग, मला कुणाला शिवू देऊ नकोस." ऊन डोक्यावर होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी बहीण गार पडली. दाजी, मी आणि ते दुसरं वाडगं. मी त्या वाडग्याच्या पलीकडं बघायचं टाळत होते. कुत्रा तिथंच हनुवटी टेकून पडला होता, कुणाच्या तरी मांडीवर टेकावी तशी, जमिनीपासून वीतभर वर.

अक्का परत आली तेव्हा तिचे दात वाजत होते.

"तुझ्यासमोरच बसलीय," ती दाजींना म्हणाली. "मान गवताच्या काडीएवढी झालीय. तू वाढतोस ते खाते, पण घशाखाली उतरत नाही. दिवसभर उपाशी असते जांबे. म्हणाली, अमा, मला उठायचंय, पण मी उठले तर आपा एकटा जेवेल."

"खोटं."

"मी कधी खोटा निरोप आणलाय?"

दाजी त्या वाडग्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केला, वाडगं उचललं आणि पालथं केलं. कण्या मातीत पडल्या.

"ऊठ," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग ओरडले. "ऊठ म्हणतो ना! चालती हो! तुला इथं अन्न नाही. माझ्यासमोर बसायचं नाही. कान उघडे ठेवून ऐक, मला तू नको आहेस!"

ज्या माणसानं बैलालासुद्धा कधी शिवी दिली नाही, तो पोटच्या पोरीला हाकलत होता. मला रडू आलं आणि मी ते गिळलं, तिच्या डोक्यावर गारा नकोत म्हणून. कुत्रा उठला. शेताच्या बांधापर्यंत चालत गेला, तिथं थांबला आणि उतारावर बघत कुंईकुंई करत राहिला. ओल्या गवती चहाचा वास आला आणि गेला.

पुनवेला देवघराच्या उंबऱ्यावर दाजी सकाळपासून बसले. तोवर त्यांनी चार घासांपलीकडं खाल्लं नव्हतं, नुसता सांगाडा झाला होता. अक्का परत आली, गरम पाणी मागितलं, सावकाश प्याली.

"भेटली?" दाजींनी विचारलं.

"भेटली. पुलावर होती."

"काय म्हणाली?"

अक्कानं भांडं खाली ठेवलं. "म्हणाली, आपावर माझा राग नाही. ओरडला नसता तर मी उठलेच नसते. आपाला सांग, पोटभर जेव."

दाजी रडले. गावाला ऐकू जाईल इतके रडले, आणि मग जेवायला बसले आणि दोनदा मागून घेतलं.

भांडी घासायला नळावर गेलो तेव्हा मी म्हटलं, "सुटली बाई पोर. आणि निरोपही कसा पाठवला बघ."

अक्का राखेनं तेच भांडं घासत राहिली. "मान भरून आली होती तिची," ती म्हणाली. "नवी किरा नेसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडं परक्यासारखं बघितलं आणि म्हणाली, बाई, जरा वाट सोडता?"

"आणि?"

"आणि मी सोडली."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग दाजींना तू ते..."

"हो. आणि जो निरोप बदलतो त्याला परत पुलापर्यंत येऊ देत नाहीत. पहिल्या खेपेलाच बजावलं होतं मला. आता ती कुठल्या जन्माला गेली तेही मला कळायचं नाही." मग ती भांड्यावर वाकून रडली. नळ चालूच होता.

पुढच्या पुनवेला ती अंघोळ करून आडवी झाली. मी उंबऱ्याशी होते. पाय गार पडले नाहीत. नाकावरचं उपरणं हळूच वर जात होतं, खाली येत होतं. ती जागी होती, डोळे मिटून. दिवेलागणीला उठली, जांभई दिली आणि दाजींना म्हणाली, "युदोन म्हणाली, पांढऱ्या बैलाच्या खांद्याला तूप लाव." गावकऱ्यांना तिनं सांगून टाकलं, आता वय झालं, फक्त घरच्यांपुरतं जाते. तेव्हापासून दर पुनवेला एक निरोप येतो. थंडीत कान बांध. अमाशी जरा बोलत जा.

गेल्या पुनवेला मात्र माझ्या लक्षात आलं की दाजी माझ्याहून जवळ बसतात. उपरणं त्यांच्या नाकासमोर हलतं, आणि नजर तर त्यांची घारीसारखी. अक्का पडलेली असताना मी त्यांच्या कानाशी लागले, "दाजी, तुम्हाला दिसतंय ना?"

"गप्प बस केझांग," दाजी पुटपुटले. "तिकडून निरोप आणताना फार दमते ती." आणि ती उठायच्या आत गरम पाणी हवं म्हणून चूल पेटवायला गेले.