अभ्र्याचे घुबड

माझी धाकटी जाऊ रुग्णालयाच्या धुलाई विभागात काम करते. धुतलेल्या चादरी व उशांचे अभ्रे गच्चीवर वाळत घालणे हे तिचे काम. पक्षी पाहण्याचा छंद तिला तेथेच जडला. आमच्या वस्तीत पक्षी पाहणाऱ्यांचे एक मंडळ आहे. कोणाला काही दिसले की तो फोनवर सर्वांना कळवतो आणि रविवारी सगळे मिळून ते पाहायला जातात. ज्याची खबर चुकीची निघेल त्याने सर्वांना चहा पाजायचा, असा नियम आहे. जावेवर ती वेळ कधीही आली नव्हती. मंडळाचे प्रमुख घड्याळवाले काका म्हणत, की हिने सांगितले म्हणजे दुर्बीण पुसण्याचेही कारण नाही.

गच्चीसमोर, अरुंद बोळापलीकडे, एक बंद गोदाम होते. त्याच्या झरोक्यात तिला पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड दिसले. आनंदाच्या भरात तिने लगेच सर्वांना कळवले. आत पिल्ले आहेत, हे नंतर तिच्या लक्षात आले.

इतरांनी रंग विचारला, आवाज विचारला. मंडळात नव्याने आलेल्या एका गृहस्थाने मात्र झरोका किती उंच आहे, शिडी लागेल का आणि बोळात राखणदार असतो का, एवढेच विचारले. त्याची दुर्बीण सर्वांत महागडी, म्हणून त्याला दुर्बीणवाले म्हणत. जावेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पिल्ले चोरून विकणारे लोक असतात, हे तिने ऐकले होते.

ती मला म्हणाली, "जाऊबाई, पक्षी बघणाऱ्याला शिडी कशाला हवी?"

काकांना सांग, असे मी सुचवले. पुराव्याशिवाय कोणावर आळ कसा घ्यायचा, असे ती म्हणाली. शिवाय त्याला सुगावा लागला असता, तर तो रविवारपर्यंत थांबला नसता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो तिला रुग्णालयाच्या जिन्यात दिसला. खांद्यावर मोठी रिकामी पिशवी होती. तिने हातातला ओला अभ्रा वाळवणीच्या काठीच्या टोकावर घेतला आणि बोळापलीकडे शेजारच्या दुसऱ्या झरोक्याच्या मोडक्या गजाला अडकवला. खरा झरोका झाकला जाईल अशी दोरीवर चादर पसरली. तोवर तो गच्चीवर आलाच.

"ताई, कुठंय तुमचं घुबड?"

"तेच ते. अभ्रा उडून अडकलाय, मी त्यालाच तोंड समजले."

त्याने दुर्बीण लावली, आणि बराच वेळ खाली घेईना. एवढ्यात झरोक्यातून पिल्लांचे फुसफुसणे सुरू झाले. तिने घाईने दुसरी ओली चादर उचलली आणि फटाफट झटकू लागली. शिंतोडे दुर्बिणीच्या काचेवर उडाले.

"हा आवाज कसला?"

"खाली वाफेचं यंत्र आहे. माझ्यासारखंच, धाप लागते त्याला."

त्याने काच पुसली. मग तो हसला आणि म्हणाला, "ताई, आता चष्मा घ्या."

अभ्र्याची गोष्ट त्याने स्वतःच सर्वांना कळवली. रविवारी तिने चहा केला. तिचे नाव उशीताई पडले. दुर्बीणवाल्याने आणखी एक कप मागितला आणि तिने तो निमूटपणे भरून दिला. मी तोंड उघडणार, तोच तिने माझा हात दाबला. काका हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत होतो." ते मात्र तिला फार लागले.

पिल्ले उडाली, तेव्हा तिने मला गच्चीवर बोलावून घेतले. शेवटचे पिल्लू गजावर बराच वेळ डुलत राहिले आणि मग गेले. सवयीने तिने फोन काढला, आणि तसाच परत ठेवला.

आता ते गोदाम पाडले आहे, घुबडे तेथे पुन्हा घरटे करणार नाहीत, आणि दुर्बीणवाला वस्ती सोडून गेला आहे. म्हणून तिची परवानगी घेऊन मी हे लिहिले. परवानगी देताना तिने एकच अट घातली. लिहून झाले की प्रथम घड्याळवाल्या काकांना वाचून दाखवायचे, आणि त्या वेळी ती तेथे असणार नाही.